गोळीची वेळ आणि मेथोट्रेक्सेटमागचा माणूस : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलाला साधी सर्दी होती, पण त्याच्या फाईलवर मोठं नाव होतं : ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. हॉस्पिटलमधली जोरदार केमोथेरपी संपली होती. आता घरी गोळ्या चालू होत्या. रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट.

मुलाला तपासून झाल्यावर ती हळूच म्हणाली की तिने मोबाईलवर वाचलं आहे, या गोळ्या रात्रीच द्यायच्या असतात. सकाळी दिल्या तर कॅन्सर उलटतो. ती तर आठ महिने रोज सकाळी सातला, शाळेच्या आधी देत होती. माझ्यामुळे काही बिघडलं का हो डॉक्टर, एवढंच तिला विचारायचं होतं.

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. केमोथेरपीच्या औषधांना दिवसाची ठरावीक वेळ असते का? शरीराच्या घड्याळाचा आणि औषधाचा काय संबंध? उत्तर मी देणार आहे. पण त्या डब्यातली मेथोट्रेक्सेटची गोळी ज्याच्या प्रयोगशाळेतून आली, त्या माणसाची गोष्ट आधी ऐका. त्या गोष्टीतून उत्तर समजायला सोपं जाईल.

भीमवरमचा मुलगा

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमवरमला झाला. हे गाव आज आंध्र प्रदेशात आहे, तेव्हा ते मद्रास प्रांतात होतं. घरात सात भावंडं. वडिलांची नोकरी आजारपणामुळे लवकर सुटली आणि घर तंगीत आलं.

शाळेत हा मुलगा हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हता. तेरा वर्षांचा असताना तो घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे कमवायचे, असा त्याचा बेत होता. आईने त्याला परत आणलं आणि अभ्यासाला बसवलं. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या वेळी मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून पास झाला.

पुढे त्याला रामकृष्ण मठात संन्यासी व्हायचं होतं. आईने परवानगी दिली नाही. मग लोकांची सेवा करायची तर डॉक्टर होऊन करावी, असं ठरवून त्याने मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च मित्रांनी आणि पुढे जे सासरे झाले त्या कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. १९१९ मध्ये त्यांच्या मुलीशी, शेषगिरीशी, लग्न झालं.

तो काळ गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेचा होता. सुब्बाराव ऑपरेशन थिएटरमध्ये खादीचा गाऊन घालून जाऊ लागले. सर्जरीच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. पेपर चांगले लिहूनही सुब्बारावांना एमबीबीएसची पदवी मिळाली नाही, त्याखालची एलएमएस मिळाली. माझ्या नावापुढे जी अक्षरं आहेत, ती या माणसाला नाकारली गेली. मेथोट्रेक्सेट लिहून देताना मला हे अधूनमधून आठवतं.

दोन भाऊ आणि एक आजार

याच काळात त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता ट्रॉपिकल स्प्रू. यात आतड्यातून अन्नरस नीट शोषला जात नाही. जुलाब होतात, तोंड येतं, रक्त कमी होतं, माणूस वाळत जातो. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. पुढे सुब्बारावांनाही तोच आजार झाला. मद्रासचे आयुर्वेदाचार्य डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचाराने ते वाचले. त्यानंतर काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवलं.

स्प्रू का होतो, हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. उष्ण प्रदेशातल्या आजारांचा अभ्यास करायला त्यांनी अमेरिकेची वाट धरली. २६ ऑक्टोबर १९२२ रोजी ते बोस्टनला पोहोचले. शेषगिरी मागे राहिल्या. ते परदेशात असतानाच मुलगा जन्मला आणि तान्हेपणीच गेला. सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात आले नाहीत.

रात्रपाळी

हार्वर्डमध्ये शिकायला प्रवेश होता, पण पोटाची सोय नव्हती. एलएमएसच्या जोरावर अमेरिकेत डॉक्टरकी करता येत नव्हती. म्हणून दिवसा शिक्षण आणि रात्री बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात वॉर्डबॉयचं काम. रुग्णांची शौचाची भांडी रिकामी करायची, स्वच्छता करायची.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात रात्रपाळी आहे. नर्स, सिक्युरिटी, कारखाना, कॉल सेंटर. रात्री जागून दिवसा झोपलं की भूक, पोट, मूड सगळं बिघडतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामागचं शास्त्र सुब्बारावांच्या काळात फारसं माहीत नव्हतं. आज माहीत आहे. थोड्या वेळाने त्याकडे येऊ.

रंग गडद का होतोय?

ट्रॉपिकल मेडिसिनची पदविका मिळवून सुब्बाराव हार्वर्डच्या बायोकेमिस्ट्री विभागात सायरस फिस्क यांच्याकडे कामाला लागले. १९२५ मध्ये दोघांनी रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजायची रंगाची चाचणी प्रसिद्ध केली. फॉस्फरस जितका जास्त, तितका निळा रंग गडद. ही फिस्क-सुब्बाराव पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी अनेक दशकं वापरली.

हीच चाचणी स्नायूवर करताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. रंग लगेच पुरा येत नव्हता, हळूहळू गडद होत जायचा. चाचणी चुकली असं समजून हे सोडून देणं सोपं होतं. त्यांनी घड्याळ लावून रंग पाहिला. त्यातून कळलं की स्नायूमध्ये फॉस्फरसचा एक नाजूक पदार्थ आहे. तो चाचणीच्या आम्लात हळूहळू तुटतो आणि फॉस्फरस मोकळा होतो, म्हणून रंग वाढत जातो. हा पदार्थ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. स्नायू काम करताना तो खर्च होतो, विश्रांतीत पुन्हा भरतो. ही माहिती १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२९ मध्ये याच जोडीने एटीपी वेगळं काढलं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते सापडलं. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, जे तुमच्या मुलांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात असतं.

या गोष्टीत आपल्या विषयासाठी एक मुद्दा आहे. शरीरातला कुठलाही पदार्थ दिवसभर एकसारखा नसतो. तुम्ही तो कधी मोजता, यावर आकडा बदलतो. औषधांचंही तसंच आहे.

फॉलिक ॲसिड आणि त्याची हुबेहूब नक्कल

१९३० मध्ये पीएचडी झाली, पण हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

यकृताच्या अर्काने काही प्रकारचा रक्तक्षय बरा होतो, हे तेव्हा माहीत होतं. त्या अर्कातला कामाचा घटक शोधायचं काम सुब्बाराव हार्वर्डपासून करत होते. १९४५ मध्ये त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. ज्या स्प्रूने त्यांचे दोन भाऊ नेले, त्या आजारात हे जीवनसत्त्व उपयोगी ठरलं. भाऊ जाऊन तेव्हा वीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. आज आपल्याकडे आरोग्य केंद्रात गरोदर बायकांना लोहासोबत जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, ती याच कामाची पुढची पायरी.

फॉलिक ॲसिड पेशीला नवीन डीएनए बनवायला लागतं. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना ते जास्त लागतं. कॅन्सरच्या पेशी तर अशाच. बोस्टनमधले मुलांचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधं देऊन पाहिली होती. त्यांना असं वाटलं की रोग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आहे. मग उलटा विचार झाला. फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा, पण त्याचं काम अडवणारा पदार्थ दिला तर? सुब्बारावांच्या गटाने असे पदार्थ बनवले होते. कुलपात अडकून बसणाऱ्या खोट्या किल्लीसारखे. त्यातलं एक ॲमिनॉप्टेरिन, आणि त्याचा जवळचा भाऊ मेथोट्रेक्सेट.

जून १९४८ मध्ये फार्बर यांचा अहवाल आला. ॲमिनॉप्टेरिन दिलेल्या सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती टिकली नाही, रोग परत आला. पण त्याआधी ल्युकेमियाच्या मुलांसाठी फार काही करता येत नव्हतं. औषधाने हा कॅन्सर मागे हटू शकतो, हे तेव्हा दिसलं.

दोन महिन्यांनी, ८ ऑगस्ट १९४८ रोजी, सुब्बाराव हृदयविकाराने गेले. वय ५३. मेथोट्रेक्सेट पुढे किती जणांचे प्राण वाचवणार आहे, हे त्यांना पाहता आलं नाही. हत्तीरोगावरची डीईसी गोळीसुद्धा त्यांच्याच विभागातून आली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन समोर खायला लावतात, तीच ही गोळी. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

शरीराचं घड्याळ औषधाला काय करतं?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ.

तुमच्या मेंदूत, डोळ्यांच्या मागे, सुमारे २०,००० पेशींचा एक छोटा पुंजका आहे. सकाळच्या उजेडावर तो शरीराचं मुख्य घड्याळ जुळवतो. याशिवाय यकृत, किडनी, आतडी, अस्थिमज्जा, प्रत्येक अवयवाच्या पेशींत आपापलं घड्याळ असतं. या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

केमोथेरपीच्या बाबतीत हे घड्याळ मुख्यतः तीन ठिकाणी फरक करतं.

यकृत. बरीच औषधं यकृतातल्या एन्झाइममुळे मोडली जातात. काही एन्झाइमचा जोर दिवसात कमीजास्त होतो. फ्लुरोयुरॅसिल हे आतड्याच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं औषध मोडणाऱ्या एन्झाइममध्येही असा चढउतार आढळला आहे.

किडनी. मेथोट्रेक्सेट मुख्यतः लघवीतून बाहेर जातं. किडनी दिवसा जास्त रक्त गाळते, रात्री कमी. शिवाय लघवी आम्लधर्मी असेल तर मेथोट्रेक्सेट नीट विरघळत नाही, त्याचे खडे किडनीत बसू शकतात. म्हणूनच हॉस्पिटलमध्ये मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट देताना भरपूर सलाईन लावतात, लघवीचं आम्ल कमी करणारं औषध देतात आणि रात्रीबेरात्री लघवी तपासतात. सिस्टर मध्यरात्री उठवते तेव्हा त्रास वाटतो, पण कारण हे आहे.

अस्थिमज्जा. हाडाच्या आतला हा भाग रक्त बनवतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं की निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत नवीन डीएनए बनवण्याचं काम दिवसा जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास कमी असतं. मेथोट्रेक्सेट नेमकं हेच काम अडवतं. म्हणून विचार पुढे आला : चांगल्या पेशी विश्रांतीत असताना औषध दिलं तर त्यांना कमी इजा होईल का?

कागदावर हे पटतं. पण कागदावर पटलेलं रुग्णांत खरं ठरतं का, ते पाहावं लागतं.

रुग्णांमध्ये काय दिसलं?

१९८५ मध्ये कॅनडातून एक अभ्यास आला. ल्युकेमियाची जी मुलं मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट संध्याकाळी घेत होती, त्यांच्यात रोग उलटण्याचं प्रमाण सकाळी घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. त्या आईने वाचलेली बातमी इथून निघालेली. पण यात एक कच्चा दुवा होता. कोणत्या मुलाने कधी गोळी घ्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. ज्या घरात संध्याकाळी गोळी दिली जाते, ते घर इतरही बाबतीत वेगळं असू शकतं. तरीही अनेक हॉस्पिटलांनी संध्याकाळची वेळ सांगायला सुरुवात केली आणि ती सवय आजही आहे. त्यात काही चूक नाही.

नंतर मोठे अभ्यास झाले. २०१४ मध्ये नॉर्डिक देशांतल्या मुलांवरच्या अभ्यासात सकाळ की संध्याकाळ याने रोग उलटण्यात फरक दिसला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ४४१ मुलांच्या अभ्यासातही तेच. तिथे गोळी दुधासोबत घेतली की नाही, जेवणासोबत घेतली की नाही, यानेही फरक पडला नाही. फरक पडला तो गोळी चुकण्याने. त्याआधी २०१२ मध्येच दिसलं होतं की १०० डोसपैकी ५ पेक्षा जास्त चुकले तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. आणि २०१७ च्या अभ्यासात ज्या घरात रोज गोळीची वेळ बदलत होती, त्या घरात डोस चुकण्याचं प्रमाण जास्त होतं.

आतड्याच्या कॅन्सरमध्येही अशीच कहाणी. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला १८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लुरोयुरॅसिलचा जोर पहाटे चारला आणि ऑक्सॅलिप्लॅटिनचा दुपारी चारला ठेवणारा पंप लावला, तर सतत एकसारख्या पंपापेक्षा परिणाम चांगला दिसला. गाठी आकसण्याचं प्रमाण ५१ टक्के विरुद्ध २९ टक्के. तोंड फार वाईट येण्याचं प्रमाण १४ टक्के विरुद्ध ७६ टक्के. सगळ्यांनाच आशा वाटली. मग २००६ मध्ये ५६४ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात वेळ पाळणाऱ्या पंपाची तुलना नेहमीच्या केमोथेरपीशी केली होती. एकूण आयुष्यात फरक नव्हता. आणखी बारकाईने पाहिलं तर पुरुषांना थोडा फायदा आणि स्त्रियांना तोटा झालेला दिसला.

म्हणजे घड्याळ खरं आहे. पण प्रत्येकाचं घड्याळ थोडं वेगळं आहे. स्त्री-पुरुषांत फरक, वयात फरक, रात्रपाळी करणाऱ्यात फरक. सगळ्यांना एकच वेळ लावून भागत नाही. या विषयावर काम चालू आहे. पण आज कुठल्या लेखावरून, व्हिडिओवरून किंवा व्हॉट्सॲपवरून गोळीची वेळ आपणच बदलावी, इतका पुरावा नाही.

तुम्ही काय करायचं

- डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा. सकाळ सांगितली असेल तर सकाळ, रात्र सांगितली असेल तर रात्र. बदलायची असेल तर फोन करून विचारा. वेळ बदलताना दोन डोस जवळजवळ येणं किंवा एक डोस सुटणं, दोन्ही धोक्याचं.
- रोज एकच वेळ ठेवा. घरातल्या रोजच्या एखाद्या गोष्टीला गोळी बांधा. देवापुढे दिवा लावण्याची वेळ, रात्रीचे दात घासणं, काहीही. मोबाईलचा अलार्म लावा. कॅलेंडरवर खूण करा.
- डोस चुकला किंवा गोळीनंतर उलटी झाली तर दुप्पट डोस घेऊ नका. तुमच्या कॅन्सर विभागाला विचारा.
- मेथोट्रेक्सेटचा वार लक्षात ठेवा. संधिवातात, सोरायसिसमध्ये आणि ल्युकेमियाच्या घरच्या उपचारात या गोळ्या बहुतेकदा आठवड्यातून एकदाच असतात. चुकून रोज घेतल्याने लोक दगावले आहेत. मी स्वतः एक आजोबा पाहिले आहेत. चिठ्ठीवर वार लिहिलेला नव्हता आणि त्यांनी सहा दिवस रोज गोळी घेतली. तोंडभर फोड आणि ताप घेऊन आले. वेळेत उपचार मिळाले म्हणून वाचले. चिठ्ठीवर सोमवार, मंगळवार असा वार लिहून घ्या. डबीवरही लिहा.
- फॉलिक ॲसिड विचारूनच. संधिवातात डॉक्टर ते मुद्दाम देतात. पण कॅन्सरच्या उपचारात शक्तीची गोळी किंवा मल्टिव्हिटॅमिन मनाने सुरू करू नका. त्यात फॉलिक ॲसिड असतं. ते औषधाच्या विरुद्ध जाऊ शकतं, हे वरच्या गोष्टीवरून कळलंच असेल.
- दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स मेथोट्रेक्सेट शरीरात साठवून ठेवू शकतात. कॅन्सरच्या डॉक्टरांनीच अँटिबायोटिक दिलं असेल तर मात्र बंद करू नका.
- स्टेरॉइड बहुधा सकाळी, खाऊन. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड सकाळी जास्त असतं. उशिरा घेतलेल्या गोळीने झोप उडते. दिवसातून दोनदा घ्यायची असेल तर दुसरी किती वाजता, ते विचारा.
- रात्रपाळी असेल किंवा परदेशी प्रवास असेल तर आधी सांगा. मुलाकडे अमेरिकेला किंवा दुबईला जाताना गोळीची वेळ कशी सरकवायची, हे निघण्यापूर्वी लिहून घ्या.
- डे-केअरमध्ये नंबर दुपारी लागला तर काळजी करू नका. सलाईनची वेळ खाट, औषध आणि रक्ताच्या रिपोर्टवर ठरते. सकाळी लागली नाही म्हणून उपचार वाया जात नाही.

वेळ न बघता हॉस्पिटल गाठायचं असेल तर

केमोथेरपी चालू असताना ताप १०० फॅरनहाइटच्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवा. १००.४ किंवा त्याहून जास्त झाला तर थांबू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तोंडात फोड, अंगावर निळे-लाल डाग, धाप, लघवी कमी होणं, सतत उलट्या, हीसुद्धा लगेच जायची कारणं आहेत.

त्या आईला मी काय सांगितलं

मी तिची वही मागितली. आठ महिन्यांच्या गोळ्यांच्या खुणा होत्या. आठ महिन्यांत तीन डोस सुटले होते आणि तिन्हीच्या पुढे कारण लिहिलेलं होतं. मेथोट्रेक्सेटचा गुरुवार लाल पेनाने गोल केलेला.

मी तिला सांगितलं, तुमच्या हातून काहीही बिघडलं नाही. तुम्ही जे केलं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुढच्या भेटीत कॅन्सरच्या डॉक्टरांना वेळेबद्दल विचारा. ते रात्री म्हणाले तर रात्री द्या. तोपर्यंत सकाळी सात.

मर्कॅप्टोप्युरिन १९५०च्या दशकात गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आलं. मेथोट्रेक्सेट सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून. १९४८ मधली सुधारणा काही आठवडे किंवा काही महिने टिकायची. आज ल्युकेमियाची बरीच मुलं पूर्ण बरी होतात. ती बरी होतात ती एकेका औषधाची भर पडत गेल्यामुळे, आणि घरात कुणीतरी दोन-अडीच वर्षं रोज न चुकता गोळी दिल्यामुळे. तुम्ही रोज पाण्याचा पेला भरून मुलापुढे धरता, तेव्हा या कामातला तुमचा वाटा तुम्ही उचलत असता.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या औषधाचा डोस, वार किंवा वेळ यात कोणताही बदल तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.*